नास्तिक मैत्रिणीशी देवावरून वाद घालावा का?

आलेलं पत्र (थोडं आटोपशीर करून देतेय) :

ताई, सलाम. मी २७ वर्षांची, मूळची नगरची, पुण्यात खराडीला जॉब करते. कॉलेजपासूनच्या मैत्रिणीबरोबर फ्लॅट शेअर करते. ती देव मानत नाही. तिचे बाबा अंनिसचं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं, काम करायचे, ते २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडमध्ये गेले. तेव्हा आमच्या घरी सगळे त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करत होते आणि तिला ते माहीत होतं. गेल्या महिन्यात जेवताना मी आमच्या चर्चमधल्या एका बाईंची साक्ष तिला सांगितली, प्रार्थनेनं कशा बऱ्या झाल्या ते, तर ती एकदम म्हणाली, मग माझ्या बाबांच्या वेळी तुझा देव कुठे होता? मी डिबेटचे व्हिडिओ खूप बघते त्यामुळे मला उत्तरं माहीत होती. माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, जगाचं आदिकारण, देव नसेल तर चांगलं-वाईट कशावरून ठरवणार, सगळं एकेक पॉइंट करून सांगितलं. तिला एकाचंही उत्तर देता आलं नाही. ती उठली, ताट घासलं आणि रूममध्ये गेली. तीन आठवडे झाले, भाडं आणि लाइटबिल सोडून बोलणं नाही. पाळकसाहेब म्हणतात डुकरांपुढे मोती टाकायचे नाहीत, असल्या लोकांशी वाद घालायचाच नाही. तरुण संघाचे लीडर म्हणतात बरोबर केलंस, सत्य कडूच असतं. ख्रिस्ती माणसाने अविश्वासी माणसाशी वाद घालावा की नाही? आणि मी आता काय करू?

*

पोरी, सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले. ताट घासलं आणि रूममध्ये गेली. रागावलेलं माणूस ताट सिंकमध्ये आपटून निघून जातं गं. हिने नळाखाली उभं राहून ते घासलं, म्हणजे तेवढा वेळ ती तुझ्याकडे पाठ करून उभी होती आणि तू अजून जेवायलाच बसलेली होतीस. त्या दोन मिनिटांत तू काय केलंस ते तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं तू मनात अजून पुढचा पॉइंट जुळवत होतीस. मी हे तुला बोल लावायला म्हणत नाहीये, मी स्वतः अशी बसलेली आहे, ते पुढे सांगते.

तुझा प्रश्न वाद घालावा की नाही असा आहे, पण त्याआधी मला विचारायचंय की त्या रात्री वाद होता तरी का? तिचं वाक्य परत वाच. माझ्या बाबांच्या वेळी तुझा देव कुठे होता. यातला महत्त्वाचा शब्द तुला देव वाटला, कारण तू त्याचीच तयारी करून बसली होतीस. मला त्यात बाबा हा शब्द दिसतो. आणि त्या एप्रिलमध्ये पुण्यात काय चाललं होतं ते आठव, बेड मिळत नव्हते, ऑक्सिजनसाठी लोक रात्ररात्र फोन लावत होते, माणूस आत गेलं की पुन्हा दिसेल याची खात्री नव्हती, कित्येकांना शेवटचा चेहरासुद्धा नीट बघायला मिळाला नाही. तिने ते सगळं भोगलंय, आणि तू तिच्यापुढे दुसऱ्या कुणाच्या तरी बऱ्या होण्याची साक्ष ठेवलीस. साक्ष खरी असेल, मी त्यावर शंका घेत नाही. पण जिच्या बाबांसाठी तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली आणि ते गेले, तिला ती गोष्ट कशी ऐकू आली असेल?

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय उघड. लाजर मेल्यावर मार्था येशूला गाठते आणि म्हणते, प्रभूजी, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने तिची बहीण मरीया येते आणि ती सुद्धा अगदी तेच म्हणते, शब्दाला शब्द जवळजवळ तोच (२१ वी आणि ३२ वी ओळ शेजारी शेजारी ठेवून बघ). म्हणजे तुझ्या मैत्रिणीचाच प्रश्न, तू कुठे होतास. आता गंमत नाही, फार खोल गोष्ट आहे ही, येशू दोघींना एकच उत्तर देत नाही. मार्थाशी तो बोलतो, पुनरुत्थानाबद्दल, विश्वासाबद्दल, तिला प्रश्न विचारतो, तीही उत्तर देते, चांगली चर्चा होते दोघांची. आणि मरीया रडताना दिसल्यावर तो काहीच शिकवत नाही, त्याला कुठे ठेवलंय एवढं विचारतो आणि रडतो. प्रश्न एकच, समोरचं माणूस वेगळं. पाच मिनिटांनी लाजराला उठवणार हे त्याला माहीत होतं, जगातलं सगळ्यात पक्कं उत्तर त्याच्या हातात होतं, तरी तो आधी रडला.

तू मरीयेला मार्थेचं उत्तर दिलंस, एवढीच तुझी चूक मला दिसते. उत्तरं खोटी होती असं मी म्हणत नाही.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवतात का? त्यांना आपण फार नावं ठेवतो पण त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली होती, ते आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोललं नाही. मग त्यांनी तोंड उघडलं. पुढचे कितीतरी अध्याय ते देवाची बाजू मांडतायत, वकिली करतायत, आणि शेवटी देवच त्यांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. जो देवाला जाब विचारत होता तो! हे वाचल्यापासून देवाची बाजू मांडताना मला जरा धाकच वाटतो.

आता तुझा मोठा प्रश्न, कारण तो खरा आहे आणि त्याला पाळकसाहेब आणि तुमचे लीडर दोघांनी दिलेलं उत्तर मला अर्धवट वाटतं.

पाळकसाहेबांचा मान ठेवून सांगते, मोत्यांचं ते वचन मत्तय ७ मध्ये सहाव्या ओळीत आहे, आणि त्याच्या बरोब्बर आधी कुसळ आणि मुसळ आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायच्या आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, हे सांगून झाल्यावर मग मोती येतात. तर आधी मुसळ बघू आणि मग कोण डुक्कर ते ठरवू, आणि मला तर वाटतं मुसळ काढून झालेल्या माणसाला समोर डुक्कर दिसतच नाही. ही मुलगी तुझ्याबरोबर राहते, तू आजारी पडलीस तर तुला पेज करून देणारी तीच आहे ना.

आणि वाद घालायचाच नाही म्हणावं तर प्रेषित पौलाचं काय करायचं? अथेन्समध्ये तो सीला आणि तीमथ्याची वाट बघत थांबलेला असतो, तेवढ्या वेळात सुद्धा सभास्थानात आणि रोज बाजारात जे कुणी भेटतील त्यांच्याशी वाद घालतो, एपिकूरपंथी आणि स्तोयिक तत्त्वज्ञांशी बोलतो. इफिसला तुरन्नाच्या शाळेत दोन वर्षं हेच. पण अथेन्समध्ये बघ तो सुरुवात कुठून करतो. शहरभर मूर्ती बघून त्याचा जीव आतून संतापलेला असतो, असं स्पष्ट लिहिलंय, आणि तरी अरियपगावर, म्हणजे तिथल्या सभेपुढे, उभा राहिल्यावर त्याचं पहिलं वाक्य असतं की तुम्ही लोक फार धर्मशील आहात असं मला दिसतं. तो त्यांच्या वेदीवरचा लेख वाचून आलेला असतो, त्यांच्याच कवींच्या ओळी त्यांना म्हणून दाखवतो. संताप पोटात आणि तोंडात आदर. आणि मग निकाल काय, काही जण हसले, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. हसणाऱ्यांच्या मागे तो धावला नाही.

लीडरनी तुला बहुतेक १ पेत्र ३:१५ सांगितलं असेल, उत्तर द्यायला नेहमी तयार असा. हो, पण वचन तिथे संपत नाही. ते उत्तर सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या असं आहे. भीडस्तपणाने! किती आपला शब्द आहे हा. भीड कुणाची वाटते आपल्याला? ज्याला दुखवायचं नसतं त्याची. आणि उत्तर कसलं, तर तुमच्यात जी आशा आहे तिच्याबद्दल कुणी विचारलं तर. जगाचं आदिकारण काय असं तुला कुणी विचारलं नव्हतं पोरी. सत्य कडूच असतं हेही मला पटत नाही. कलस्सैमध्ये पौल सांगतो की तुमचं बोलणं मिठाने रुचकर केल्यासारखं असावं. आणि मीठ किती घालायचं ते स्वयंपाक करणाऱ्याला कळायला लागतं, मूठभर टाकून मीठ चांगलंच असतं म्हणून चालत नाही.

आपल्याकडे मराठी मुलखात हा प्रश्न काही आज आलेला नाही, म्हणून दोन जुन्या गोष्टी सांगते, तुला दोन्हींतला फरक आपोआप दिसेल.

१८५७ साली, जानेवारीपासून मे पर्यंत, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी संध्याकाळी मोठा वाद चालायचा. एका बाजूला विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णू भिकाजी गोखले, वेदोक्त धर्माचे कट्टर अभिमानी आणि जबरदस्त वक्ते, दुसऱ्या बाजूला मिशनरी. किनाऱ्यावर गर्दी लोटायची. पुढे दोन्हीकडून त्या वादाची पुस्तकं निघाली आणि वाचणाऱ्याला ज्याचं पुस्तक हातात येईल तो जिंकलेला दिसतो. त्या मिशनऱ्यांमध्ये जॉर्ज बोवेन नावाचे अमेरिकन गृहस्थ होते, इंग्रजी पुस्तक त्यांनीच काढलं. आता या बोवेनची मुंबईला जी आठवण राहिली ती किनाऱ्यावर त्यांनी कुठला मुद्दा मांडला याची नाही, ते १८४८ ला आले, मिशनचा पगार घ्यायचा बंद केला आणि बाजारात साध्या खोलीत गरिबासारखे वर्षानुवर्षं राहिले, याची आहे. मी किनाऱ्यावरच्या वादाला वाईट म्हणत नाही, दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या आणि एकमेकांचं ऐकायला दर आठवड्याला परत येत होत्या, हे आजच्या मानानं खूप झालं. पण गर्दी समोर असली की माणूस समोरच्याशी बोलायचं सोडून गर्दीशी बोलतो, हे तेव्हाही होत असणार आणि आता तर तुझे ते डिबेटचे व्हिडिओ म्हणजे सगळी गर्दीच. त्यात समोरचा गप्प झाला की टाळ्या पडतात. तू ते बघून शिकलीस की समोरचा गप्प झाला म्हणजे आपण जिंकलो. घरात दोनच माणसं असताना समोरचं गप्प झालं तर टाळ्या कोण वाजवणार?

दुसरी गोष्ट नीळकंठशास्त्री गोरे यांची. चित्पावन ब्राह्मण, काशीला वाढलेले, सहा दर्शनं शिकलेले. तिथे विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी उपदेश करायचे, त्यांना गप्प करायला म्हणून हा तरुण शास्त्री गेला. ख्रिस्ती धर्माचं खंडन करणारा संस्कृत ग्रंथसुद्धा लिहिला, १८४४ च्या सुमारास. येत राहिले, वाद घालत राहिले, आणि १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वर्षं गेली त्यात! स्मिथनी त्यांना एका रात्रीत निरुत्तर केलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी आलेच नसते असं मला वाटतं. आणि पुढे हेच गोरे म्हातारपणी पुण्यात पंडिता रमाबाईंशी बोलले. रमाबाई म्हणजे काय साधं प्रकरण नव्हतं, कलकत्त्याच्या पंडितांनी पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलेली बाई, वादात कुणाला ऐकणारी नव्हे. गोऱ्यांनी त्यांच्यासाठी मुद्देसूद लिहूनही दिलं होतं. पण १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाई सांगतात ते गोऱ्यांच्या नम्र, गोड आवाजाबद्दल, तो आपल्या काळजात शिरला म्हणून. (आणि बाप्तिस्मा झाल्यावर त्या वाद घालायच्या थांबल्या असं समजू नकोस, तिथल्या सिस्टर लोकांशी पत्रातून त्यांनी असे वाद घातलेत की वाचून ऊर भरून येतो.)

कवी ना. वा. टिळकांच्या घरी तर हा वाद नवराबायकोत होता. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई माहेरच्या-सासरच्या माणसांत चार-पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, नंतर एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं काही काळ चालूच होतं आणि टिळकांनी ते चालू दिलं. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांएवढ्या शब्दांवर हुकमत असलेल्या माणसालाही बायकोला बोलून बोलून वळवता आलं नाही, तिला तिच्या वेळेनं यावं लागलं.

गोऱ्यांकडून आणखी एक घे. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत, वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते दोघांना शोधायचंय तो वाद. जिंकायचंय म्हणून बोलायचं तो जल्प. स्वतःचं काही मांडायचंच नाही, फक्त समोरच्याचं पाडायचं, ती वितंडा, त्यावरूनच आपण वितंडवाद म्हणतो. म्हणजे वाद हा शब्द मुळात चांगला आहे गं, आपण त्याला भांडणाच्या पंगतीला बसवलं. आणि शास्त्री लोकांची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडायचा, समोरच्याचं म्हणणं, तेही असं की त्याने ऐकून मान डोलवावी, आणि मगच आपलं. मला हे प्रेमाचं काम वाटतं. तुझ्या मैत्रिणीचा पूर्वपक्ष तुला मांडता येईल का? ती देव का मानत नाही, ते तिच्या बाजूने, तिला पटेल असं, पाच वाक्यांत? नऊ-दहा वर्षांची मैत्री आहे तुमची. येत नसेल तर तुला अजून वाद घालायचा हक्क आलेला नाही, आधी विचारायचा आलाय.

आता माझं.

माझं लग्न १९८१ मध्ये झालं, परळला चाळीत सासर. मिस्टरांचे काका तिथेच जवळ राहायचे, मिलमध्ये साच्यावर होते. लहानपणी बाप्तिस्मा झालेला पण तरुणपणीच चर्च सोडलेलं, लाल बावट्याचे पक्के. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे आणि मी उपासनेहून आले की सुरू व्हायचे, सूनबाई, आज देवानं काय सांगितलं? मी तेव्हा तेवीस वर्षांची, नगरच्या मिशनच्या वळणात वाढलेली, मला फार राग यायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. सहा महिने झाले असतील, पावसाळ्यातला रविवार होता, पिठलं-भाकरी केली होती. काकांनी विचारलं, आज तुमच्या पाळकांनी संपातल्या माणसांसाठी प्रार्थना केली का? केली नव्हती. ते मला माहीत होतं म्हणूनच मी चिडले आणि म्हटलं, रशियात तुमच्या लोकांनी किती चर्च पाडली ते आधी सांगा. आणखीही बोलले. बरंच बोलले. काकांनी हातातली अर्धी भाकरी सासूबाईंच्या ताटात परत ठेवली आणि पोट भरलं म्हणाले. सहा महिने पगार नसलेल्या माणसाचं पोट दीड भाकरीत भरलं.

मी जिंकलेच होते. ते पुढचे दोन रविवार आले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीवर गेले, दारात उभी राहून एवढंच म्हणाले की काका, त्यांनी प्रार्थना केली नव्हती, तुमचं बरोबर होतं, आणि मी जेवणावर बोलायला नको होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, येतो रविवारी, पण तुझं ते पुस्तक दे मला, वाचल्याशिवाय भांडण्यात मजा नाही. मी माझं बायबल दिलं. त्यांनी ते पेन्सिल घेऊन वाचलं, ठिकठिकाणी समासात प्रश्नचिन्हं, आणि याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात चौथ्या ओळीला, ज्या मजुरांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय, तिथे जाड रेघ आणि बाजूला लिहिलेलं, बरोबर. मला दाखवून म्हणाले, हे तुमच्या चर्चमध्ये कधी वाचतात? मी जन्मापासून चर्चमध्ये, मला आठवेना. त्यांच्यामुळे मी ते पत्र पहिल्यांदा नीट वाचलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही वाद घातला आणि तो खरा वाद होता. शेवटी ते अंथरुणाला खिळले तेव्हा माझ्या नवऱ्याला सांगायचे, तिला पाठव, कुणी भांडायला नाही इथे. ते देव मानत नव्हते आणि न मानताच गेले. मी त्यांच्यासाठी आजही प्रार्थना करते आणि त्यांचं काय झालं ते देवाच्या हातात सोडलंय, त्यापुढे मला काही म्हणता येत नाही.

हे सांगितलं कारण तुला असं वाटायला नको की ताई म्हणते वाद सोड. काही माणसांवर प्रेम करायची वाटच वादातून जाते. त्यांना तू गप्प बसून गोड गोड बोलायला लागलीस तर त्यांना तो अपमान वाटेल, हिला आता मी बोलण्यालायक वाटत नाही असं. तुझी मैत्रीण अंनिसच्या घरात वाढलेली आहे, दाभोलकरांच्या विचारांच्या घरात प्रश्न विचारणं हे जेवणाइतकं रोजचं असतं. ती पुन्हा विचारेल. तेव्हा पळू नकोस. ती विचारेल चर्चमध्ये जात का पाळता, मरणानंतरसुद्धा कबरस्तानात वेगळे का. विचारेल गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, लोकांचं काय केलं, १५६० पासून १८१२ पर्यंत चालू होतं ते. विचारेल चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभेत, लोकांना औषधं बंद करायला का सांगतात. यातलं जे खरं आहे ते खरं म्हण, लगेच पण म्हणून पुढे जाऊ नकोस, तिथे थांब. कुणी इन्सुलिन बंद कर म्हणून सांगत असेल तर मी तुझ्या मैत्रिणीच्या बाजूने उभी राहीन आणि तूही राहावंस. आणि जिथे माहीत नाही तिथे माहीत नाही म्हण. तिचे बाबा का गेले हे तुला माहीत नाही. मलाही नाही. पाळकसाहेबांनाही नाही. येशू खरा आहे की नाही हे तुझ्या हरण्या-जिंकण्यावर अवलंबून असतं तर आपलं सगळ्यांचं कधीच काही खरं नव्हतं, तेव्हा हरायला घाबरू नकोस.

फक्त एक कर, चार लोकांत नको. ग्रुपवर नको, स्टेटसवर टोमणा मारून नको, तिचा स्क्रीनशॉट तरुण संघात दाखवून काय उत्तर देऊ असं तर अजिबात नको. बायबलातला अपुल्लो नावाचा उपदेशक सभास्थानात बोलत होता आणि त्याची माहिती अपुरी होती तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विलानी त्याला सगळ्यांसमोर दुरुस्त केलं नाही, आपल्याकडे नेलं आणि मग समजावलं. घरी नेलं म्हणजे काहीतरी खायलाही घातलंच असेल असं मी धरून चालते.

आणि आत्ता लगेच काय करायचं ते सांगते. मेसेज लिहू नकोस. लांबलचक मेसेज म्हणजे पुन्हा पॉइंट होतात. ती घरी असेल आणि घाईत नसेल अशी वेळ बघ, चहा कर, तिच्या रूमच्या दारावर टकटक कर. म्हण की त्या दिवशी तू तुझ्या बाबांबद्दल बोलत होतीस आणि मी भलतंच काहीतरी सांगत बसले, माझं चुकलं. एवढंच. पण माझा हेतू, पण बायबल म्हणतं, असलं शेपूट लावू नकोस. ती म्हणाली ठीक आहे आणि दार लावलं तर लावू दे, चहा तिच्या टेबलावर ठेवून ये. ती भडकली तर ऐकून घे, तिचा हक्क आहे. येशूबद्दल त्या दिवशी अवाक्षर काढू नकोस, तो तिथे असतोच, त्याची ओळख करून द्यायची घाई नाही.

आणि ती बोलायला लागली तर तिच्या बाबांबद्दल विचार. कुठे कुठे कार्यक्रमाला जायचे, घरी आल्यावर पहिलं काय करायचे, तिला लहानपणी कसल्या गोष्टी सांगायचे. तू त्यांच्यासाठी रोज प्रार्थना केलीस पोरी, पण तुझ्या अख्ख्या पत्रात त्यांच्याबद्दल अंनिस आणि कोविड याखेरीज काहीच नाही. तुला ते माणूस म्हणून माहीत नाहीत. विचार तिला. मग मला परत लिही, काय म्हणाली ते.

तुझी,
ताई